वन्सं आणि उशिरा आलेली मुलगी

आमच्या वन्संना एका पुस्तकाचा मत्सर वाटत होता. माणसाचा वाटला तर मी समजू शकते, मला स्वतःला तो दिवसातून दोन-तीनदा वाटतो. पण पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या वस्तूला सवत मानणारी बाई मी एवढी एकच पाहिली. त्यातून पुस्तकं दुरुस्त करणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नात्याने माझ्याहून लहान, वयाने दीड वर्षाने मोठ्या. त्यामुळे आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकायचं हे अजून ठरलेलं नाही. त्या मला वहिनी म्हणतात आणि सल्ले सासूसारखे देतात. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची त्यांच्या आईचीही छाती झाली नाही, मी कोण लागून गेले? माझा नवरा मालट्रक चालवतो, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अडीच खोल्यांत खऱ्या अर्थाने राहणाऱ्या आम्ही तिघी. मी, वन्सं आणि माझी मुलगी. मुलगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काचा घासायच्या, फ्रेमला बसवायच्या, नाकावर नीट बसतो का बघायचं. संध्याकाळी सात वाजल्याशिवाय सुटका नाही. भिंगरीची शाळा दुपारी सुटते आणि शाळेच्या मागच्याच रस्त्यावर सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या तळघरात वन्संची दुरुस्तीची खोली. तेव्हा पोर अगदी लहान असल्यापासून शाळेतून थेट आत्याकडे जायची. सोयीचं होतं, मीच ठरवलं होतं, तक्रार करायला मला तोंड नाही.

त्या खोलीत मी फार वेळा गेलेले नाही, पण जेव्हा गेले तेव्हा मला परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं. लांब टेबल, त्यावर फाटक्या पुस्तकांचे ढीग, सुया, दाभण, मेणाचा दोरा, खळीचं भांडं. भिंतीला लागून पुस्तकं दाबून ठेवायची दोन लोखंडी यंत्रं, त्यांचे दांडे फिरवून फिरवून वन्संचे दंड पैलवानासारखे झालेत. खिडकी वर, फुटपाथच्या पातळीला, तिच्यातून नुसती येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं दिसतात. आणि टेबलाखाली जुन्या पुठ्ठ्यांवर पसरलेली माझी मुलगी.

तिथे वन्सं तिला गोष्टी सांगायच्या. सगळ्या जगाला ठाऊक असलेल्याच. काचेच्या बुटाची, लाल टोपडं घातलेल्या पोरीची आणि लांडग्याची, उंच मनोऱ्यातल्या लांब केसांच्या मुलीची, शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. हातात सुई, तोंडात गोष्ट. सुई कागदातून आरपार गेली की लांडगा दाराशी आला, दोरा ताणला की दार उघडलं. लांडग्याचा आवाज त्या इतका हुबेहूब काढायच्या की वरच्या मजल्यावरून एकदा कोणीतरी चौकशीला आलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झालेला भिंगरीला खपायचा नाही. "आत्या, आधी आजीचे कान," ती टेबलाखालून बजावायची.

घरी आल्यावरही तेच. मी स्वयंपाक करणार, अभ्यास घेणार, नखं कापणार, ओरडणार. आणि झोपताना पोरगी जाणार आत्याच्या कुशीत. शाळेत एकदा भिंगरीला "माझं आवडतं माणूस" असा निबंध होता. कोणावर लिहिला असेल ते सांगायला नको. मी तो वाचला, छान आहे म्हटलं, आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

हे सगळं अशासाठी सांगते, की "उशिरा आलेली मुलगी" हे पुस्तक आमच्या घरात मी आणलं. दुकानात एक मुलगा आईबरोबर चष्मा घ्यायला आला होता. मी त्याच्या नाकावर फ्रेम ठेवतेय, काढतेय, पुन्हा ठेवतेय, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून वाचतोय. एवढं काय आहे त्यात, म्हणून विचारलं. त्याची आई म्हणाली, अहो, सध्या सगळ्या पोरांना याचंच वेड लागलंय, सहा भाग आलेत, सातव्याची वाट बघतायत. मी त्याच संध्याकाळी पहिला भाग विकत घेतला. मुलीला वाचनाची गोडी लागावी म्हणून घेतला, असं मी वन्संना सांगितलं. वन्संनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुस्तक उलटंपालटं करून "शिलाई कच्ची आहे" एवढंच म्हणाल्या.

त्या पुस्तकांत एका कुलूपवाल्याची मुलगी आहे. ती जुन्या गोष्टींच्या गावी जाते, पण प्रत्येक ठिकाणी नेमकी एक दिवस उशिरा पोचते. गोष्ट संपलेली असते. काचेचा बूट ज्या घरात घालून बघितला गेला, त्या घरात ती दुसऱ्या दिवशी जाते, तर दोघी सावत्र बहिणी सुजलेले पाय गरम पाण्यात घालून बसलेल्या. लांडगा मेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाते, तर त्याची बायको जेवायची थाळी मांडून वाट बघतेय, तिला कोणी काही कळवलेलंच नाही. झोपलेल्या राजवाड्यात सगळे जागे झाल्यावर स्वयंपाकी शंभर वर्षांपूर्वीच्या सूपसमोर डोक्याला हात लावून बसलाय. आणि ही मुलगी प्रत्येकाचं ऐकून घेते, अडलेली कुलपं उघडून देते. मी पहिला भाग आधी स्वतः वाचला. लांडग्याची बायको दुसऱ्या भागात आहे, तोही वाचला. मला दोन्ही वेळा रडू आलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही.

भिंगरीने पहिला भाग दोन संध्याकाळींत संपवला. मग उरलेले वाचनालयातून. पोरगी टेबलाखालीच असायची, पण आता पालथी, कोपरांवर, पुस्तकात. वन्संनी सुई ओवून गोष्ट सुरू केली की "आत्या, एक मिनिट" म्हणायची, आणि ते मिनिट संपायचंच नाही. झोपताना आत्याच्या कुशीत जायची खरी, पण पुस्तक घेऊन. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आता वन्संनाही कळू दे, दाराबाहेर उभं राहून आतलं हसणं ऐकताना कसं वाटतं ते.

वन्संनी मात्र ते पुस्तकावरच काढलं. त्यातही लेखिकेवर. मागच्या पुठ्ठ्यावर तिचा फोटो होता, हनुवटीखाली हात, नजर लांब कुठेतरी. वयाने वन्संएवढीच असावी. "हिला बरा वेळ आहे हनुवटी धरून बसायला," वन्सं म्हणाल्या आणि तेव्हापासून त्या बाईचं नाव आमच्या घरात हनुवटी पडलं. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाला परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवावी लागते. ती आतल्या पानावर चिकटवायची पद्धत आहे. पण या मालिकेच्या दुरुस्त होऊन गेलेल्या प्रतींवर ती चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्यावर असायची, बरोबर हनुवटीच्या तोंडावर. मुलांच्या विभागातल्या बाईंनी विचारलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, तिथे ती सहज दिसते.

दैवाची थट्टा अशी, की दुरुस्तीला सगळ्यात जास्त याच मालिकेच्या प्रती यायच्या. पोरांनी वाचून वाचून त्यांचा भुगा केलेला. कण्यातून सुटलेल्या, जेवणाचे डाग पडलेल्या, कोपरे चघळलेल्या. वन्सं त्यांना ढिगाच्या तळाशी सरकवायच्या. बागकामाची पुस्तकं वर, करकायद्याची वर, कोणी वीस वर्षांत हात न लावलेला विश्वकोशाचा खंडही वर, आणि उशिरा आलेली मुलगी तळाशी. वरून विचारणा झाली की खळ वाळली नाही. दमट हवेत खळ वाळत नाही हे खरं असतं, पण त्या वर्षी फक्त एकाच मालिकेची वाळत नव्हती.

आणि एक पण त्यांनी केला होता, त्या मालिकेची एक ओळसुद्धा वाचायची नाही. प्रती शेकड्याने हाताखालून गेल्या असतील, पण नजर फक्त कण्यावर, दोऱ्यावर आणि पानांच्या आकड्यांवर. मी एकदा म्हटलं, लांडग्याच्या बायकोचं तेवढं वाचा, तुम्हाला आवडेल. तर म्हणाल्या, "माझ्या लांडग्याला बायको नव्हती."

मग तो दिवस आला. सकाळी शाळेला जाताना वन्सं भिंगरीची वेणी घालत होत्या. त्या सहज म्हणाल्या, आज दुपारी तुला झोपलेल्या राजकन्येची सांगते, बऱ्याच दिवसांत सांगितली नाही. पोरगी आरशात बघत अगदी सरळ मनाने म्हणाली, "नको आत्या. तुझ्या गोष्टी संपतात. तिच्या गोष्टी संपल्यावर सुरू होतात."

वन्संनी वेणी पुरी केली. रिबीन बांधली. एरवी इतकी घट्ट बांधत नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या टेबलावर काय होतं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे असतात, त्यांना फर्मे म्हणतात. फर्मे क्रमाने रचायचे, कण्यातून शिवायचे, खळ लावून दाबात ठेवायचं. एखाद्या पुस्तकाच्या दोन प्रती अगदीच कामातून गेल्या तर दोन्ही उसवून, चांगले फर्मे निवडून त्यांची एक धड प्रत बनवतात. वन्सं त्याला "दोनाचं एक करणं" म्हणतात. त्या दिवशी मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या दोन आणि चौथ्या भागाच्या दोन अशा चार प्रती उसवून पडल्या होत्या. सगळ्या भागांचा आकार एक, अक्षर एक, पानांच्या डोक्यावर नुसतं मालिकेचं नाव.

असं करताना एक तपासणी असते. आधीच्या फर्म्याचं शेवटचं वाक्य आणि पुढच्याचं पहिलं वाक्य वाचून जुळतंय का बघायचं. वन्संनी ती उभ्या हयातीत कधी चुकवली नव्हती. पण इथे वाचायचं नाही असा पण होता, आणि त्यातून सकाळपासून कानात तेच वाक्य घुमत होतं. त्यांनी नुसते आकडे बघितले. चौसष्टनंतर पासष्ट, ऐंशीनंतर एक्क्याऐंशी. आकडे चोख जुळले. चौथ्या भागाच्या पोटात दुसऱ्या भागाचा पाचवा फर्मा शिवला गेला, उरलेले फर्मे रद्दीत गेले, आणि पुस्तक दाबातून निघून वर मुलांच्या विभागात पोचलं.

चौथ्या भागासाठी भिंगरीचा नंबर लागला होता. प्रत मिळाली ती हीच.

जेवताना ती एकदम म्हणाली, की हनुवटी चुकली. तीही तिला आता घरातल्यासारखं हनुवटीच म्हणायची, फक्त लाडाने. आम्ही विचारलं, काय चुकली? तर कुलूपवाल्याची मुलगी मनोऱ्याच्या पायऱ्या चढते, वर म्हातारी चेटकीण कापलेले लांब केस उशाशी घेऊन बसलेली असणार, आणि दार उघडतं तर आत लांडग्याची बायको थाळी मांडतेय. बरीच पानं तीच चालते, आणि मग अचानक पुन्हा चेटकीण, मधेच वाक्य तोडून. पोरगी रडवेली झाली होती. ती बाई असं करणार नाही, तिला प्रत्येक पात्र कुठे आहे ते बरोबर ठाऊक असतं, असं तिने मला किती वेळा सांगितलं होतं.

"कोणत्या पानावर?" वन्संनी विचारलं.

"पासष्ट."

वन्संचा घास हातातच राहिला. तीस वर्षं फर्मे हाताळलेल्या बाईला पासष्ट म्हटल्यावर पुढचं सांगायला लागत नाही. मी समोर बसले होते, मला वाटलं त्यांना ठसका लागला. पण त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "एवढी मोठी लेखिका, आणि आपली माणसं कुठे राहतात तेही लक्षात राहत नाही?" मग भाजी पुन्हा वाढून घेतली.

त्या रात्री भिंगरीने पुस्तक बाजूला ठेवलं आणि आत्याला गोष्ट मागितली. कित्येक महिन्यांनी. आतून लांडग्याचा आवाज आला, आजीचे कान आले, पोरीचं खिदळणं आलं. मी भांडी घासत होते. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला असेल.

पुढचे पंधरा दिवस वन्संची दिवाळखोरी संपून भरभराट झाली. दुपारी गोष्ट, रात्री गोष्ट. पाचवा आणि सहावा भाग कपाटावर पडून. वन्सं गाणी गुणगुणायला लागल्या, मला चहा करून द्यायला लागल्या. मला संशय आला होता, पण कशाचा ते कळत नव्हतं.

अशात वाचनालयात सूचना लागली, की मालिकेच्या लेखिका मुलांना भेटायला येणार आहेत. प्रश्न विचारायला मिळेल, पण मोजक्याच मुलांना. चिठ्ठ्या टाकल्या आणि भिंगरीची निघाली. ती घरी नाचत आली आणि लगेच गंभीर झाली. म्हणाली, मी त्यांना ते पासष्टाव्या पानाचं विचारणार. पुस्तकच घेऊन जाणार आणि दाखवणार. मी म्हटलं, अगं, पाहुण्या बाईला चारचौघांत चूक दाखवायची म्हणजे जरा कसंतरीच. तर वन्सं मला गप्प करून म्हणाल्या, विचारू दे की, भीड कसली त्यात, चुकलं ते चुकलं. त्यांनी पोरीचा निळा फ्रॉक स्वतः इस्त्री केला. प्रश्न कसा विचारायचा त्याची तालीम घेतली. उभं राहायचं, आवाज मोठा ठेवायचा, पुस्तक उघडून वर धरायचं. ते दोन दिवस त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसत होतं, ते मला चांगलं ओळखीचं होतं. मी पहिला भाग विकत घेतला तेव्हा दुकानाच्या आरशात तेच दिसलं असणार.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या दालनात होता. पोरं जमिनीवर, आईबाप मागे खुर्च्यांवर, भिंतीशी वाचनालयाचा सगळा नोकरवर्ग, मध्ये त्यांच्या मोठ्या बाई. लेखिका आली. फोटोतली ती लांब नजर वगैरे काही नाही, ठेंगणी बाई, सर्दीने नाक लाल झालेलं, मुठीत रुमाल चुरगळलेला. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "बुटकी आहे." समाधानाने म्हणाल्या. पण ती बोलायला लागली आणि सगळी पोरं अशी तिच्याकडे झुकली, की वन्संचं ते समाधान पुरलं नाही. लहानपणी गोष्ट संपली की तिला रडू यायचं, ती सांगत होती, पुढे त्या माणसांचं काय झालं ते कोणीच सांगायचं नाही. भिंगरी मांडीवर पुस्तक घेऊन पहिल्याच रांगेत होती. तोंड उघडं, मान वर.

प्रश्न सुरू झाले. पहिल्या मुलाने विचारलं, पुढचा भाग कधी येणार? दुसरीनेही तेच. तिसऱ्याने माइक हातात घेऊन तेच विचारलं तेव्हा सगळे हसले. एका मुलीने विचारलं, की पुस्तकात एका ठिकाणी शाई पुसट का आहे? लेखिका म्हणाली, बघू, आण इकडे. पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं, आणि म्हणाली, ही छापखान्यातली गडबड आहे, माझी नाही. पुन्हा सगळे हसले. ती मुलगी तोंड लपवत जागेवर गेली.

माझ्या शेजारी वन्सं तेवढ्या हसल्या नाहीत. आत्तापर्यंत त्यांनी फक्त हनुवटीची फजिती बघितली होती, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. ती बाई पुस्तक बघायला मागेल, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. आता आली. पुस्तक बघितलं की कण्यातली शिलाई दिसणार. खुळी चूक वाचनालयाची आणि खुळा प्रश्न भिंगरीचा, एवढ्या पोरांसमोर, तिच्या लाडक्या बाईसमोर. वन्संनी माझा दंड धरला. अजून तिथे वळ आहे म्हणाल तर आहे.

"वहिनी, तिला थांबवा," त्या म्हणाल्या.

का, म्हणून विचारायलाही वेळ नव्हता. वन्सं स्वतःच खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. पण माइक भिंगरीच्या हातात पोचला होता. ती उभी राहिली. निळा फ्रॉक, घट्ट रिबीन, सगळं तालमीप्रमाणे. पुस्तक मात्र तिने वर धरलं नाही, दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"पुढचा भाग कधी येणार?" तिने विचारलं.

सगळं दालन खो-खो हसलं. मागून कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. लेखिकाही हसली, तिने प्रेमाने तेच उत्तर चौथ्यांदा दिलं आणि माइक पुढे गेला. माझी मुलगी कान लाल करून खाली बसली. इतके दिवस ज्या एका प्रश्नावर ती जगत होती, तो तिने असा मातीत घातला. मला इतका राग आला तिचा.

घरी जाताना बसमध्ये पुढच्या बाकावर त्या दोघी, मागे मी. मग वन्संनी विचारलं, ठरवलेला प्रश्न का नाही विचारलास? भिंगरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, परवा ती मैत्रिणीकडे खेळायला गेली होती, तिच्याकडे स्वतःचा, विकतचा चौथा भाग आहे, आणि त्यात मनोऱ्यात चेटकीणच आहे.

"मग त्या नाही चुकल्या," भिंगरी म्हणाली. "आपलं पुस्तक तू शिवलंस. मी विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तुमच्या मोठ्या बाईपण होत्या तिथे."

पोरीने आवाज खाली आणला, पण मी बाकावर पुढे सरकून बसले होते.

"तू मुद्दाम केलंस ना? मला त्या जास्त आवडायला लागल्या म्हणून?"

बस एका थांब्यावर थांबली, माणसं उतरली, चढली. मला वाटलं वन्सं आता काहीतरी बनवून सांगतील, त्यांना सांगता येतं. पण त्या म्हणाल्या, "शिवताना चुकून झालं. अगदी खरं. पण तू पासष्टावं पान म्हणालीस, तेव्हाच मला समजलं होतं. मग गप्प बसले, ते मुद्दाम."

"का?"

"तू परत गोष्ट मागायला लागलीस म्हणून."

भिंगरीने यावर विचार केला. रागावते की काय, म्हणून मी बघत होते. रागवावी असंही थोडं वाटत होतं. ती म्हणाली, मग तसं सांगायचं ना. आणि आत्याच्या दंडावर डोकं टेकवून तिने विचारलं, तुला लांडग्याची बायको कोण ते तरी माहीत आहे का? वन्सं नाही म्हणाल्या. "एवढी पुस्तकं शिवलीस आणि तुला लांडग्याची बायको माहीत नाही?" असं म्हणून पोरगी सांगायला लागली. कुलूपवाल्याची मुलगी कशी एक दिवस उशिरा पोचली, थाळी कशी मांडलेली होती, तिला ते कसं सांगावं हे कोणालाच कसं कळेना. वन्सं मधेमधे नाक मुरडत होत्या, थाळी एकच का, पोरंबाळं नव्हती का, असले आडवे प्रश्न विचारत होत्या. हनुवटीला सुखासुखी जिंकू द्यायचं नव्हतं त्यांना. पण ऐकत होत्या. दोघींची डोकी इतकी जवळ होती, की मागून मला पुढचा रस्ता दिसत नव्हता.

त्या पुस्तकाचं पुढे जे व्हायचं ते झालं, दुसऱ्या दिवशी वन्संनी ते उसवून, दुसऱ्या एका फाटक्या प्रतीतला बरोबर फर्मा घालून पुन्हा शिवलं. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आम्ही घरी पोचलो, वन्सं आधी आत गेल्या. भिंगरी दारात रेंगाळली आणि मला हळूच म्हणाली, "आई, तू आत्याचं कोणाला सांगणार नाहीस ना?"

मी म्हटलं, नाही सांगणार. मग मला राहवलं नाही. "आणि मी चुकले असते तर गं? माझ्यासाठी ठेवला असतास प्रश्न मनात?"

पोरगी खरंच विचारात पडली. तिने माझ्याकडे वर बघितलं, आठवून बघितलं.

"पण तू कुठे चुकतेस, आई?" ती म्हणाली.

आतून वन्संनी हाक मारली, की लांडग्याच्या बायकोचं पुढे काय झालं ते अर्धवटच राहिलंय. भिंगरी पळाली. मी दार लावलं आणि बाहेरच्या खोलीत, बूट न काढता, मी विकत आणलेल्या त्या पहिल्या भागाकडे बघत बराच वेळ तशीच बसून राहिले.